डेम्पस्टर महामार्ग मोटारसायकलने: टायर, पेट्रोल आणि यादीत नसलेले मोकळे दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडातल्या एडमंटनहून निघायचं, व्हाइटहॉर्स आणि डॉसन सिटी करत डेम्पस्टर महामार्गाने इनुविक आणि तिथून आर्क्टिक महासागराच्या काठावरचं टुकटोयाकटुक गाठायचं. जुलैचा दुसरा आठवडा, हातात चौदा दिवस. प्रश्नकर्त्याची गाडी ६५० सीसी सिंगल सिलिंडर, १३ लिटरची टाकी, ट्यूबचे टायर. सोबतच्या मित्राची १२०० सीसीच्या वर्गातली जड ट्विन (दोन सिलिंडरची), २० लिटरची टाकी, ट्यूबलेस. कोणते टायर घ्यावेत, पेट्रोल किती न्यावं, कोणती हत्यारं लागतील आणि सोबत जोडलेल्या लांबलचक यादीत काय राहिलंय, असं विचारलंय.

यादी चांगली आहे, थोडी जडच आहे. त्यात हातकुऱ्हाड आहे, दोन स्टोव्ह आहेत, ड्रोन आहे. राहिलंय ते दिवस. मी या रस्त्यासाठी गाड्या तयार करून देण्याचं काम करतो आणि परत आलेल्या गाड्याही बघतो. त्यावरून सांगतो, की तिथे बहुतेक माणसं दोनच गोष्टींनी अडकतात: फाटलेल्या टायरने आणि पावसाने. टायरचा इलाज हत्यारांनी होतो. पावसाचा इलाज एकच, थांबणं. आणि तुमच्या आखणीत थांबायला जागाच नाही.

हिशेब करून बघा. एडमंटन ते व्हाइटहॉर्स सुमारे २,००० किमी, म्हणजे जाताना तीन आणि येताना तीन दिवस. व्हाइटहॉर्स ते डॉसन साधारण ५३० किमी, जाता-येता एकेक दिवस. झाले आठ. डॉसन ते टुकटोयाकटुक आणि परत, सगळं सुरळीत गेलं तर पाच दिवस. झाले तेरा. उरतो एक. त्या एका दिवसात पाऊस, बंद झालेला रस्ता, नदी ओलांडायची थांबलेली फेरी बोट आणि तुमचा स्वतःचा थकवा एवढं सगळं बसवायचं आहे. बसणार नाही. मग माणूस काय करतो? चिखलातून निघतो, कारण परवा पोचायचं असतं. सोळा-सतरा दिवस जमवा. नाहीच जमले तर आर्क्टिक वृत्तावरून परत फिरायचं हे आताच ठरवून टाका. ते वृत्त डेम्पस्टरच्या ४०५ व्या किलोमीटरला येतं; तिथपर्यंतचा टप्पाही देखणा आहे आणि त्यात एकही फेरी येत नाही.

रस्ता असा का वागतो ते कळलं की तयारीतल्या अर्ध्या गोष्टी आपोआप सुचतात. खालची जमीन कायम गोठलेली आहे. ती वितळून खचू नये म्हणून रस्ता तिच्यावर खडीचा जाड थर देऊन, बांधासारखा उंच केलाय. म्हणून दोन्ही कडा मऊ आहेत आणि पलीकडे उतार आहे. समोरून ट्रक आला की कडेला घ्यायची सवय असते, पण इथे अगदी कडेला गेलात तर पुढचं चाक रुततं आणि गाडी तुम्हाला घेऊन खाली उतरते. वेग कमी करा, उजवीकडे राहा, पण चाकाखाली दाबलेला पट्टाच ठेवा.

दुसरी गोष्ट कॅल्शियम क्लोराइड. धूळ बसावी म्हणून अनेक पट्ट्यांवर ते मारतात. कोरडं असताना पृष्ठभाग इतका कडक होतो की डांबरासारखं चालवता येतं. ओलं झालं की तोच थर साबणासारखा निसरडा. सकाळी हा रस्ता उगाच बदनाम केलाय असं वाटतं आणि दुपारच्या एका सरीनंतर माणूस ताशी ३० ने, दोन्ही पाय सोडून चालवत असतो. तिसरी गोष्ट, काही पट्ट्यांत अंथरलेली खडी ही शेल जातीची, पापुद्रे सुटणारी आणि धारदार. टायर चिरतो तो तिथे.

आता टायर. तुमचा एकूण प्रवास ७,००० किमीच्या आसपास जातो आणि त्यातला चार हजारांहून जास्त डांबरी आहे. फक्त चिखलाचा विचार करून मोठ्या गुट्ट्यांचा कॉन्टिनेन्टल टीकेसी ८० सारखा टायर मागे घातलात, तर लादलेल्या गाडीवर तो घरी पोचेपर्यंत गुळगुळीत होईल. जड ट्विनवर त्याआधीच. झिजलेला टायर शेलवर लवकर चिरतो, म्हणजे जिथे गरज तिथेच तो कमी पडणार. म्हणून मी मागे हायडेनाउ के६० स्काउट किंवा मिटास ई-०७ अशा टिकाऊ जातीचा टायर देतो आणि पुढे टीकेसी ८० किंवा तशाच खोल खाचांचा. पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही. मागचं थोडं फिरलं तरी चालतं. पुढचा टायर झिजतोही हळू. दुसरा मार्ग म्हणजे व्हाइटहॉर्सपर्यंत जुन्या टायरवर जायचं आणि तिथे आधी ठरवून ठेवलेले नवे चढवायचे. त्यात वेळ जातो, पण जड ट्विनसाठी हाच मार्ग मला जास्त पटतो.

हवा किती ठेवायची यावर भरपूर वाद होतात. रिकाम्या गाडीवर वाळूत १८-२० पीएसआयवर मजा येते, हे खरं. लादलेली गाडी, ताशी ७०-८० चा वेग आणि मधूनच मुठीएवढा दगड अशा ठिकाणी तेवढ्या हवेवर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तुमच्या सिंगलला पुढे २५ आणि मागे २८ च्या खाली जाऊ नका. ट्विनला दोन्हीकडे तीन-चार पीएसआय जास्त. डांबरावर परत आलात की कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर भरा, नाहीतर टायर गरम होऊन कडेने झिजतो.

ट्यूब जाड घ्या, पण अगदी ४ मिमीच्या नकोत. लांब डांबरी पल्ल्यात त्या तापतात आणि रस्त्याकडेला बसवताना घाम काढतात. सोबत पुढची आणि मागची अशा दोन्ही ट्यूब ठेवा. जागा नसेल तर निदान २१ इंची पुढची ठेवा, कारण ती अडीअडचणीला १७ इंची मागच्या चाकात दुमडून घालता येते. हळू चालवत मुक्कामापर्यंत पोचवते. उलटं जमत नाही.

पंक्चर स्वतः काढण्याचा सराव निघण्याआधी करा, आणि तोही फक्त सोबत नेणार त्या हत्यारांनी. घरातला जॅक किंवा लांब पहार वापरलीत तर तो सराव झालाच नाही. सिंगलला बहुधा मधला स्टँड नसतो, तेव्हा मागचं चाक उचलायला काय वापरणार हे तेव्हाच कळेल. चाक काढलं की वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. टायरची कड रिमवरून सुटत नसेल तर चाक आडवं ठेवून दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड कडेवर टेकवा आणि त्या गाडीचा भार टाका. मित्राच्या ट्विनचं वजन इथे कामी येतं. टायर काढायचा लिव्हर लावताना समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून ठेवा. हे न केल्याने लोक जोर लावत बसतात आणि नवी ट्यूब लिव्हरनेच फाडतात. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा. दगडाची कपची तिथेच असते. ट्यूबमध्ये गोल होईल एवढी हवा भरून मगच आत सारा, आणि शेवटची कड वॉल्व्हपाशी चढवा.

रिमझिम पाऊस असेल तर रस्त्यावर पॅच मारू नका. सोल्युशन ओल्या, थंड रबरावर नीट वाळत नाही आणि पॅच दहा-वीस किलोमीटरवर सुटतो. ट्यूब बदला, निघा, आणि फाटलेलीला रात्री कोरड्या जागी पॅच मारा. सोल्युशनच्या दोन लहान ट्यूब न उघडलेल्या घ्या. एकदा उघडलेली आतल्या आत सुकून जाते. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर दोघांत एक आणि हातपंप एक.

मित्राने ट्यूबलेसच्या जोरावर निर्धास्त राहू नये. खिळा असेल तर दोरीचा प्लग पाच मिनिटांचं काम, पण शेलने पडणारा काप बऱ्याचदा लांबट आणि कडेच्या बाजूला असतो. तीन-चार प्लग एकत्र कोंबूनही तो धरत नाही. त्यांनीही मागच्या मापाची एक ट्यूब ठेवावी आणि आतून लावायला जुन्या टायरचा हाताएवढा तुकडा. दगडाने रिमची कड वाकून हवा सुटणं हा ट्यूबलेसचा दुसरा आजार. लाकडावर टेकवून हलक्या हाताने ठोकून ती बऱ्यापैकी सरळ होते.

पेट्रोलचा हिशेब टाकीच्या लिटरवरून मांडू नका, मधे पंप नसलेल्या सगळ्यात लांब पल्ल्यावरून मांडा. डेम्पस्टर डॉसनच्या पूर्वेला सुमारे ४० किमीवर क्लॉन्डाइक महामार्गापासून फुटतो आणि तिथून ईगल प्लेन्स (पंप आणि खोल्या असलेला थांबा) ३६९ किमी. मधे पंप नाही. फाट्यावर पेट्रोल मिळेल असं धरून चालू नका, टाकी डॉसनलाच भरा. म्हणजे पल्ला ४०९ किमीचा. तुमची सिंगल डांबरावर लिटरला २० किमी देत असेल, तर लादलेली, समोरचा वारा आणि ओली माती धरून १६ धरा. २५.६ लिटर लागले. टाकीत १३, म्हणून ६.६ लिटरचे दोन चपटे कॅन घेतले की एकूण २६.२ होतात. मित्राच्या २० लिटरना १६ च्या हिशेबाने ३२० किमीच होतात. त्यांनाही सहा-सात लिटर वर लागणार. मोठी टाकी म्हणून ते बिनधास्त आहेत, असं प्रश्नावरून दिसतं.

कॅन मागच्या रॅकच्या टोकाला बांधू नका. दहा किलो वजन मागच्या धुरीच्या मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि खडीत हँडल भटकतं. पायाच्या मागे, जितकं खाली आणि पुढे बसेल तितकं बरं. टाकीत जागा होताच पहिला कॅन ओता. रिकामा कॅन पडला तर नुसता आवाज होतो.

आता या हिशेबातून निघणारी, पण फारसं कोणी न विचारणारी गोष्ट. २६.२ लिटरवर डॉसनहून निघालेला माणूस किती आत गेल्यावर अजून परत फिरू शकतो? लिटरला १६ मिळाले तर डेम्पस्टरच्या १७० व्या किलोमीटरपर्यंत, १८ मिळाले तर १९५ व्या. १९४ व्या किलोमीटरला एंजिनियर क्रीकचा सरकारी कॅम्प आहे. म्हणजे तो कॅम्प तुमचा निर्णयाचा मुक्काम. तिथे पोचायच्या आधी, १७० व्या किलोमीटरच्या आसपासच थांबून, जळलेलं पेट्रोल मोजा आणि आभाळ बघा. त्यापुढे गेल्यावर रस्ता बंद झाला तर मागे वळणं हा पर्याय उरत नाही, तिथेच तंबू टाकावा लागतो. म्हणून सोबत दोन दिवसांचं खाणं जादा हवं, दोन स्टोव्ह नकोत.

पुढचे पल्ले सोपे आहेत. ईगल प्लेन्स ते फोर्ट मॅकफर्सन सुमारे १८० किमी, तिथून इनुविक तेवढंच, इनुविक ते टुकटोयाकटुक १३८ किमी. हा शेवटचा रस्ता २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये खुला झाला. त्याआधी उन्हाळ्यात तिथे जमिनीवरून जाताच येत नसे. त्याची खडी डेम्पस्टरपेक्षा सैल आहे, पाऊस पडला की मऊ पडतो. छोट्या गावांतले पंप ठरावीक वेळीच उघडे असतात आणि उन्हाळ्यात नॉर्थवेस्ट टेरिटरीजचं (इनुविककडचा प्रदेश) घड्याळ युकॉनच्या (डॉसनकडचा प्रदेश) एक तास पुढे असतं. संध्याकाळी पाच मिनिटं उशिरा पोचलात असं वाटेल आणि प्रत्यक्षात पासष्ट मिनिटं उशीर झालेला असेल. मित्राच्या गाडीला ९१ ऑक्टेन लागत असेल तर साधं ८७ चालतं का, हे गाडीच्या पुस्तकात आधी बघा. सगळीकडे निवड मिळत नाही.

इथवरचा गोषवारा: मागे टिकाऊ आणि पुढे खोल खाचांचा टायर, दोन्ही मापांच्या ट्यूब, प्रत्येकाकडे २६ लिटर, निर्णय एंजिनियर क्रीकच्या आधी.

गाडीकडे वळू. निघण्याच्या आदल्या आठवड्यात नवं काही बसवू नका. हीटेड ग्रिप असो की रॅक, हजार किलोमीटर चालवून बघितलेलं नसेल तर ते तिकडे ढिलं होणारच. दोन्ही चाकांचे बेअरिंग हाताने फिरवून बघा. जरा खरखर वाटली तरी बदला, स्वस्त काम आहे. स्पोक एकेक ठोकून आवाज ऐका, बद्द आवाजाचा ढिला असतो. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट अर्धी झिजली असतील तर जोडीने बदला. सोबत दोन चेन लॉक (चेन जोडायच्या कड्या), तीन-चार जादा कड्या आणि चेन तोडायचं छोटं यंत्र. क्लचची नवी केबल जुनीच्या शेजारून आताच ओढून टोकं टेप लावून बांधून ठेवा; बदलायची वेळ आली तर दहा मिनिटांत काम होतं. क्लच आणि ब्रेकचे जादा लिव्हर, फ्यूज, रेडिएटरसाठी इपॉक्सी पुटी, मऊ तार, होज क्लॅम्प.

रॅक सबफ्रेमला (गाडीच्या मागच्या सांगाड्याला) जिथे जोडतो ते बोल्ट सगळ्यात जास्त तुटतात. सिंगल सिलिंडरचा थरथराट आणि खडीचे दणके यांत ते आधी ढिले होतात, मग त्यांच्यावर आडवा भार येतो आणि कापले जातात. बोल्ट ढिला होऊ न देणारं निळं थ्रेडलॉक लावा, रोज सकाळी पान्याने एकदा बघा, आणि एम६, एम८ चे वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट-नट सोबत ठेवा. हत्यारांची निवड अशी करा: गाडीवर जे जे काढायला लागू शकतं ते घरी फक्त प्रवासाच्या पिशवीतल्या हत्यारांनी काढा. जे हत्यार हाताला लागलं नाही ते घरी ठेवा. धुरीच्या नटचा पाना मात्र विसरू नका, तोच बहुतेक यादींत नसतो, तुमच्याही नाही.

तुमच्या सिंगलचं पुढचं मडगार्ड वर, टायरपासून लांब असेल तर प्रश्न नाही. मित्राच्या ट्विनचं टायरला चिकटून असेल तर तिथली चिकणमाती मधे साचून चाक जाम करते. ते वर उचलायचं किट मिळतं. नाहीतर डॉसनला काढून टाकायचं. रेडिएटरला जाळी आणि हेडलाइटला पारदर्शक ढाल दोघांनाही हवी, समोरचे ट्रक दगड उडवतात. चिखलाचा दिवस असेल तर दर थांब्याला रेडिएटरच्या पापुद्र्यांवर बाटलीने पाणी मारा. कॅल्शियम क्लोराइडचा चिखल वाळला की सिमेंट होतो आणि मग गाडी तापते.

वजनाबाबत एक आकडा देतो: पेट्रोल सोडून सामान २५ किलोच्या आत. कापडी बॅगा घ्या. खडीत पाय खाली टेकला की मागून येणारी अॅल्युमिनियमची पेटी पोटरी पकडते, घोटा मोडायचं ते एक नेहमीचं कारण आहे. सामान लादल्यावर, तुम्ही बसल्यावर मागचं सस्पेन्शन एकूण चालीच्या एक तृतीयांशाहून जास्त दबत असेल तर प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवा. शेवटपर्यंत वाढवूनही दबतंय? मग स्प्रिंग बदलायला हवी किंवा ड्रोन घरी ठेवायला हवा. माझं मत दुसऱ्या पर्यायाला.

कपड्यांचं थोडक्यात. तापमान २५ अंशही असू शकतं आणि डेम्पस्टरवरच्या टूम्बस्टोनच्या डोंगरात शून्याजवळही. ५ अंशाच्या हवेत ताशी ८० ने चालवताना उघड्या कातडीला उणे ३ सारखं लागतं, आणि तेही तुम्ही कोरडे असलात तर. ओले हातमोजे बोटं बधिर करतात, मग ब्रेकचा अंदाज जातो. हातमोज्यांच्या दोन जोड्या आणि वरून चढवायचे ढगळ रबरी हातमोजे, हा सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी उपाय. हीटेड जॅकेट घालणार असाल तर गाडीचं चार्जिंग आधी तपासा. सगळं चालू ठेवून, चालवण्याच्या आरपीएमवर, बॅटरीवर १३.२ व्होल्टच्या खाली आकडा जायला नको.

अस्वलांवर प्रश्नात दोन परिच्छेद आहेत, उत्तराला एक पुरे. बेअर स्प्रे तिकडच्याच दुकानातून घ्या, मुदत बघा, आणि बॅगेत कोंबून न ठेवता अंगावर, हाताला येईल असा ठेवा. स्वयंपाक आणि खाणं तंबूपासून शंभर मीटर लांब, टूथपेस्टही खाण्याबरोबरच. जुलैत खरा छळ डासांचा असतो. डोक्याची जाळी हेल्मेट काढताच घालता येईल अशा खिशात हवी. पाण्याचा फिल्टर घ्या, पण एंजिनियर क्रीकचं तांबूस पाणी पिण्यासाठी घेऊ नका; त्यात लोह आणि गंधक विरघळलेलं आहे, फिल्टर ते काढत नाही. डॉसनहून प्रत्येकी चार लिटर पाणी घेऊनच निघा.

डॉसन सोडलं की मधल्या गावांबाहेर मोबाइल विसरा. दोन्ही बाजूंनी संदेश जाणारं सॅटेलाइट यंत्र प्रत्येकाकडे वेगळं हवं, आणि ते गाडीवर न लावता अंगावर. गाडी उतारावरून खाली गेली आणि माणूस वर राहिला तर हँडलवरचं यंत्र काय कामाचं? जागा कळवताना किलोमीटरबरोबर टेरिटरीही सांगा, कारण ४६५ व्या किलोमीटरला युकॉन संपतो आणि पलीकडे किलोमीटरचे दगड पुन्हा शून्यापासून सुरू होतात. एकाच आकड्याच्या दोन जागा आहेत या रस्त्यावर.

विम्याचे कागद निघण्याआधी वाचा. अल्बर्टाच्या (एडमंटनचा प्रांत) आरोग्य योजनेवर दुसऱ्या प्रांतातल्या रुग्णालयाचा खर्च निघतो, पण रुग्णवाहिकेचा, विशेषतः विमानाने हलवण्याचा, निघत नाही. तो भाग देणारा, आणि मोटारसायकल वगळलेली नाही असा प्रवास विमा वेगळा घ्या. गाडी ओढून आणायचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. तुमच्या रस्ता-मदत योजनेत किती किलोमीटरपर्यंत आणि कच्च्या रस्त्यावर चालते का, हे फोन करून विचारा.

चालवताना नवख्यांना दोन ठिकाणी फटका बसतो. ग्रेडर (रस्ता सपाट करायचं यंत्र) फिरून गेल्यावर रस्त्याच्या मधोमध सैल खडीचा लांब वरंबा राहतो. तो तिरका ओलांडायला गेलात तर पुढचं चाक त्याच्या कडेने घसरत जातं. वेग कमी करा, उभे राहा, जमेल तितक्या काटकोनात आणि थोडं अॅक्सिलरेटर देत पार करा. दुसरी जागा फेरीचे चढ-उतार. पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर उन्हाळ्यात फुकट फेरी चालते, पण नदीचं पाणी जसं वर-खाली होतं तसा धक्का खडी ढकलून नव्याने बनवतात, त्यामुळे ती खडी कधीच दबलेली नसते. आधी मित्राला पायी उतरून बघू द्या, मग एकेकाने जा. पूर आला, लाकडं वाहून आली की फेरी थांबते, आणि तेव्हा कोणी तारीख सांगत नाही.

डॉसनला पोचलात की पहिल्यांदा पुढच्या दोन दिवसांचा अंदाज आणि ५११ युकॉनवर रस्त्याची स्थिती बघा. फेऱ्यांची खबर नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या रस्ते विभागाकडे मिळते. ईगल प्लेन्सला फोन करून पेट्रोल आणि खोली आहे ना ते विचारा. पहिला दिवस ईगल प्लेन्स, दुसरा इनुविक, तिसरा टुकटोयाकटुक आणि परत इनुविक, मग दोन दिवस उलटे. पाऊस लागलाच तर डॉसनला एक दिवस बसणं हे एंजिनियर क्रीकच्या पलीकडे बसण्यापेक्षा केव्हाही सोयीचं. ऊन मावळत नाही म्हणून रात्री अकरापर्यंत चालवत राहू नका. शरीराला उजेड कळतो, थकवा उशिरा कळतो. संध्याकाळी सातला गाडी बंद, हे दोघांनी आधीच ठरवून टाका.

परत डॉसनला आल्यावर जेवायच्या आधी गाड्या धुवा. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल खेचून घेतं आणि अॅल्युमिनियम, वायरींचे जोड, ब्रेक कॅलिपरच्या पिना कुरतडत राहतं. एकदा धुऊन ते जात नाही, कोमट पाण्याने दोन-तीनदा आणि खालून धुवावं लागतं. उच्च दाबाचं पाणी बेअरिंग आणि रेडिएटरवर सरळ मारू नका. मग चेनला तेल, ब्रेक पॅडची जाडी, स्पोक आणि दोन्ही टायरच्या कडांवरचे काप. व्हाइटहॉर्सला इंजिन ऑइल बदला; सिंगल सिलिंडर लांब डांबरी पल्ल्यात तेल खाते, म्हणून वाटेत एक लिटर सोबत ठेवून रोज सकाळी पातळी बघत जा. मागच्या टायरच्या खाचांची खोली २ मिमीच्या खाली गेली असेल तर तोही तिथेच बदलून घ्या, पुढे एडमंटनपर्यंत अजून दोन हजार किलोमीटर आहेत.